उड्डाण-प्रशिक्षक : वेतन व कार्यस्थिती

विद्यार्थी वैमानिकांना प्रत्यक्ष विमानात उड्डाण शिकवणारा परवानाधारक वैमानिक. भारतात त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे मानांकन घ्यावे लागते. सहायक प्रशिक्षक वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतो.

मराठवाड्यात नांदेड व लातूर येथे विमानतळ आहेत. दोन्ही 2009 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले. 27 एप्रिल 2017 रोजी प्रादेशिक हवाई सेवेच्या ‘उडान’ योजनेत नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. राज्यातील उड्डाण-प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी वाढले. त्यामुळे मराठवाड्यातल्या प्रशिक्षकाला नोकरीसाठी बहुधा घर सोडावे लागते.

वेतन : काही संस्था ठरावीक मासिक पगार व उड्डाणभत्ता देतात, काही प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर मोबदला देतात. दुसऱ्या पद्धतीत पावसाळ्यातील ढग, हिवाळ्यातील धुके किंवा विमानाची दुरुस्ती यांमुळे उत्पन्न थेट घटते. उड्डाणापूर्वीच्या सूचना, नंतरची चर्चा आणि नोंदवह्या यांत जाणारा वेळ तासांत धरला जात नाही.

कार्यस्थिती : प्रशिक्षक उजव्या आसनावर बसतो. विद्यार्थ्याला चूक उमगू द्यायची, पण ती धोक्याची होण्याआधी नियंत्रण हाती घ्यायचे, हे त्याचे कौशल्य. उन्हाळ्यात तापलेल्या छोट्या विमानात एकामागून एक फेऱ्या करताना थकवा साचतो. म्हणून कामाच्या तासांची मर्यादा व विश्रांती अत्यावश्यक आहे.

विमान कंपन्यांतील अधिक पगारामुळे अनेक जण उड्डाणाचे तास जमवून हे काम सोडतात. अनुभवी प्रशिक्षक टिकवायचे, तर जमिनीवरील अध्यापनालाही योग्य मोबदला मिळायला हवा.