बाबांना काय द्यावं?

बाबांना यंदा ऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाची शांत, जेवणावळ वगैरे सगळं दादा बघणार आहे. माझ्याकडे काम आलं ते भेटवस्तूचं. "तुला त्यातलं कळतं," असं म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. ज्यांच्या घरी यंत्रवेडा म्हातारा आहे त्यांनाच हे काम किती अवघड असतं ते कळेल!

विचार करता करता आमच्या घरातल्या अशा पहिल्या भेटीपर्यंत मागे गेलो. १९६६ची दिवाळी. बाबा नुकतेच मुंबईत टेलिफोन खात्यात चिकटले होते. आजोबा चिपळूणजवळच्या आमच्या गावी. बाबांनी साठवलेल्या पगारातून त्यांच्यासाठी ट्रान्झिस्टर नेला. (आत्या, तू वाचत असशील तर साल दुरुस्त कर.)

ही भेट देता आली त्यामागे जवळजवळ वीस वर्षांचा इतिहास होता. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे आत काचेचे दिवे. ते तापल्याशिवाय आवाज नाही, आणि ते तापवायला घरात वीज हवी, नाहीतर भलीमोठी बॅटरी. आमच्या वाडीत विजेचा खांब यायला अजून बरीच वर्षं होती. डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांना आणि शॉक्लीला १९५६चं नोबेल मिळालं. १९५४मध्ये त्यावर चालणारा खिशातला रेडिओ, रीजन्सी टीआर-१, अमेरिकेत बाजारात आला. आत फक्त चार ट्रान्झिस्टर, किंमत ४९.९५ डॉलर. मग जपान्यांनी ते तंत्र उचललं आणि रेडिओ भिंतीवरच्या प्लगपासून सुटला. साध्या सेलवर तो आमच्या पडवीतसुद्धा बोलू लागला.

पण भेट दिली आणि संपलं असं तेव्हा नव्हतं. रेडिओला लायसन लागायचं! पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ही भानगड थेट ऐंशीच्या दशकात बंद झाली. आजोबांचं ते पुस्तक बाबांनी जपून ठेवलंय. दरवर्षीचे लायसनचे पैसे बाबाच मनीऑर्डरीनं पाठवत. म्हणजे भेट एकदाच दिली, पण निस्तरली कितीतरी वर्षं.

११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाडीतली माणसं अंगणात बसलेली आणि मधे आजोबांचा ट्रान्झिस्टर. तेव्हापासून आजोबांना गावात वेगळाच मान! आणि २१ जुलै १९६९. बाबा लावणीसाठी रजा घेऊन गेले होते. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजायला आले होते तेव्हा आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल टाकलं. बाबा शॉर्टवेव्हच्या खरखरीतून इंग्रजी ऐकून मराठीत सांगत होते आणि आजोबा विचारत होते, "तिकडे पाऊस आहे का रे?"

पुढे तो बिघडला तेव्हा बाबांनी उघडला, लॅमिंग्टन रोडवरून एसी १२८ आणून बसवला आणि चालू केला. तिथून वेड लागलं ते लागलंच. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला दूरदर्शन सुरू झालं आणि सगळे शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला जात, तेव्हा बाबा टीव्हीच्या मागे उभे राहून जाळीतून आत डोकावत.

आता आमच्या भेटी बघा. १ मे २००३पासून मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं, आणि त्या दिवाळीला मी त्यांना नोकिया ११०० दिला. तोच तो टॉर्चवाला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात चांदणीसारख्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर पैदा करून तो उघडला. आई संतापली, पण बाबा खूश. २०१६ला आम्ही भावंडांनी मिळून टॅब्लेट दिला. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याला स्क्रू कुठे आहेत?" नव्हतेच. सगळं गोंदानं चिकटवलेलं. टॅब्लेट कपाटात गेला.

खरं सांगायचं तर तो टॅब्लेट आम्ही आमच्यासाठीच दिला होता. त्यांनी व्हिडिओ कॉल करावा, आम्हाला चेहरा दिसावा, म्हणजे आमची काळजी मिटली. मागच्या वर्षी ताईनं सुचवलेलं पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळही त्यातलंच. घड्याळ वाईट नाही, घ्यायलाही हवं. पण वाढदिवसाची भेट म्हणून पहारेकरी द्यायचा?

म्हणून या वेळी रेडिओचं किट घेतलं. सुटे भाग, कोरा बोर्ड, डाग स्वतः द्यायचा. घेतलं आणि रात्री झोप उडाली. बाबांचा उजवा हात हल्ली कापतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. डाग कसा देणार? आणि नाही जमलं तर भर समारंभात ते त्यांच्याच लक्षात आणून देणारा मी! शिवाय ऐकायचं काय? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२०ला बंद झालं, त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

परत करायला निघालो होतो. मग किटमधला सर्किटचा कागद पाहिला. मुंगीएवढी अक्षरं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर मोठा करून घेतला आणि न राहवून आधीच बाबांना नेऊन दिला. किटबद्दल बोललोच नाही.

चार दिवस झाले. जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरलेला आहे, आईला ताट मांडायला जागा नाही. काल रात्री फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "अरे, ह्यात एका कपॅसिटरचं प्लस-मायनस उलटं काढलंय. मी लाल पेन्सिलीनं खूण केलीय." आणि मग जरा थांबून, "डाग द्यायला तुझ्या मुलीला पाठव रविवारी. मी सांगतो तिला कुठे द्यायचा ते."