हिंसक गुन्हेगाराच्या डोक्यात नेमकं काय चालतं? 'स्कीमा थेरपी' सोप्या भाषेत

धुऱ्यावरून दोन घरांत वाद झाला. शब्दाला शब्द वाढला आणि एकाने कुऱ्हाड उचलली. वाशिम, रिसोड, मानोरा, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातून अशी बातमी आली की खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. 'फाशी द्या', 'जन्मजात गुन्हेगार', 'हा माणूसच नाही'.

राग समजण्यासारखा आहे. पण बहुतेक कैदी शिक्षा भोगून कधी ना कधी बाहेर येतात, अनेकदा त्याच गावात. तेव्हा हा माणूस पुन्हा कुऱ्हाड उचलेल का, हा प्रश्न त्याच्यापेक्षा गावासाठी जास्त महत्त्वाचा असतो. त्याचं उत्तर शोधण्याचा एक मार्ग म्हणजे स्कीमा थेरपी.

स्कीमा म्हणजे काय?

स्कीमा म्हणजे लहानपणी मनात बसलेला साचा. ज्या मुलाला घरात रोज मार मिळतो, त्याच्या मनात 'लोक आपल्याला दुखावणारच' हे पक्कं होतं. ज्याला सतत हिणवलं जातं, त्याला 'आपल्यातच काहीतरी खोट आहे' असं वाटू लागतं. मूल मोठं होतं, पण साचा तसाच राहतो आणि पुढची प्रत्येक घटना त्यातूनच दिसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी ही उपचारपद्धती विकसित केली. त्यांनी असे १८ साचे सांगितले. अविश्वास, भावनिक उपासमार, लाज, 'मला सगळे नियम लागू नाहीत' ही भावना आणि अपुरा आत्मसंयम हे त्यातले काही.

मग हिंसा कुठून येते?

इथे दुसरी संकल्पना येते, 'मोड'. मोड म्हणजे त्या क्षणी मनाचा ताबा घेणारी अवस्था. नेदरलँड्समध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंसक गुन्हेगारांमध्ये दिसणारे काही खास मोड मांडले. दमदाटी आणि हल्ला करणारा, गोड बोलून फसवणारा, स्वतःला सगळ्यांपेक्षा मोठा समजणारा, सगळीकडे शत्रू शोधणारा आणि थंड डोक्याने शिकार करणारा.

आता धुऱ्यावरचं भांडण पुन्हा बघू. हे फक्त समजण्यासाठीचं उदाहरण आहे. समोरचा चारचौघांत म्हणतो, 'तुझी लायकी काय?' ऐकणाऱ्याच्या मनातला लाजेचा जुना साचा जागा होतो. ती लाज सहन होत नाही, म्हणून काही सेकंदांत तिची जागा राग घेतो आणि मग हल्ला करणारा मोड ताबा घेतो. बाहेरून दिसते फक्त कुऱ्हाड. तिच्या आधीच्या पायऱ्या त्या माणसालाही दिसत नाहीत. थेरपीचं काम म्हणजे त्या पायऱ्या त्याला दाखवणं आणि वेळीच थांबायला शिकवणं.

'अँटीसोशल' कुणाला म्हणायचं?

लग्नाला किंवा पार्टीला न जाणाऱ्याला आपण गमतीने 'अँटीसोशल' म्हणतो. मानसशास्त्रात अर्थ वेगळा आहे. वारंवार कायदा मोडणं, खोटं बोलणं, इतरांच्या हक्कांची पर्वा न करणं आणि केल्याचा पश्चात्ताप नसणं, या दीर्घकाळच्या वागण्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. हे निदान १८ वर्षांखालच्या मुलाचं केलं जात नाही आणि त्यासाठी १५ व्या वर्षाआधी वर्तनाच्या गंभीर तक्रारी दिसलेल्या असाव्या लागतात.

हा विकार व्यक्तीचा असतो, जातीचा किंवा जमातीचा नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला. तो अधिकृतपणे १९५२ मध्ये पुसला गेला, पण पश्चिम विदर्भातल्या पारधी समाजाला त्याची झळ आजही बसते. ज्या पोराला शाळेपासून चौकीपर्यंत सगळे चोरच समजतात, त्याच्या मनात अविश्वासाचा साचा का बसतो, हे वेगळं सांगायला नको.

उपचार कसा होतो?

थेरपिस्ट ठरावीक मर्यादेत राहून, लहानपणी न मिळालेला आधार आणि शिस्त दोन्ही देतो. वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून रुग्णाला त्याच्या वेगवेगळ्या मोडच्या भाषेत बोलायला लावलं जातं. जुन्या जखमेचा प्रसंग डोळ्यांसमोर आणून त्याचा शेवट बदलला जातो. रुग्ण खोटं बोलला किंवा धमकी दिली तर थेरपिस्ट ते तोंडावर सांगतो, पण अपमान न करता.

महाराष्ट्राला ही दिशा अगदीच नवी नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. ती थेरपी नव्हती. पण गंभीर गुन्हा केलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो बदलू शकतो, हा विचार तोच होता.

याचा उपयोग होतो का?

नेदरलँड्समधल्या ८ सुरक्षित न्यायवैद्यक मनोरुग्णालयांत १०३ हिंसक पुरुष गुन्हेगारांवर ३ वर्षांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार घेणारेही सुधारले, पण स्कीमा थेरपी घेणाऱ्यांची व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणं जास्त कमी झाली आणि देखरेखीखाली बाहेर जाण्याची परवानगी मिळण्यापर्यंत ते लवकर पोहोचले. फरक थोडा ते मध्यम होता. म्हणजे ही जादूची कांडी नाही. शिवाय तिला वर्षं लागतात आणि प्रशिक्षित माणसं लागतात.

वाशिममध्ये काय शक्य आहे?

खरी अडचण तिथेच आहे. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. वाशिमला विदर्भातलं म्हणजे नागपूरचं. वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं.

कायदा मात्र बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असायला हवं. बाल न्याय कायदा २०१५ नुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकनासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकतं. साचे अजून घट्ट झालेले नसतात, त्यामुळे मदतीचा सर्वाधिक फायदा याच वयात होऊ शकतो.

म्हणजे गुन्हेगाराला माफी?

नाही. बालपणी मार खाल्लेली बहुतेक माणसं मोठी होऊन कुणाला मारत नाहीत. साचा हे कारण असू शकतं, सबब नाही. शिक्षा न्यायालय देतं आणि ती भोगावीच लागते. पीडिताचं दुःखही त्याने कमी होत नाही. स्कीमा थेरपीचा प्रश्न शिक्षेनंतरचा आहे. तुरुंगाचं दार उघडल्यावर गावात कोण परत येणार, आत गेलेलाच माणूस की थोडा बदललेला?

स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा राग हाताबाहेर जातोय असं वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.