आयर्लंड : श्रद्धेचा आलेख कोठून काढायचा?

धर्मनिरपेक्षीकरण कसे घडते, या प्रश्नाला परीक्षेत ठरलेले उत्तर येते : विज्ञान आणि उद्योग वाढले, म्हणून श्रद्धा घटली. हे उत्तर तुम्ही आयर्लंडला लावून पाहा.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील सुमारे नव्वद टक्के कॅथलिक दर आठवड्याला मिस्सेला जात. ही शतकानुशतकांची परंपरा असेल, असे तुम्हाला वाटेल. पण १८४५च्या महादुष्काळापूर्वी चित्र वेगळे होते. पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या खेड्यांत धर्मगुरू अपुरे होते आणि मिस्सेला येणारेही कमी. लोकांचा धर्म पवित्र विहिरी, जत्रा आणि मृताच्या घरचे रात्रभराचे जागरण यांत होता. दुष्काळात हाच वर्ग सर्वाधिक मेला किंवा देशोधडीला लागला. त्यानंतर पॉल कलन या धर्माधिकाऱ्याने चर्चला कडक शिस्त लावली. आयरिश भाषा मागे पडत होती; ब्रिटिश राजवटीत कॅथलिक असणे हीच आयरिश असण्याची खूण ठरली. इतिहासकार एमेट लार्किन यांनी १९७२ मध्ये या बदलाला ‘भक्तिक्रांती’ म्हटले. म्हणजे ज्याला आपण ‘पारंपरिक’ आयर्लंड म्हणतो, ते साधारण तेथील रेल्वेच्याच वयाचे! आलेख १९७० पासून काढला तर फक्त उतार दिसतो. १८४० पासून काढला तर आधी चढ दिसतो.

उताराकडे पाहतानाही नेमके काय घसरले, हे विचारा. १९३७च्या राज्यघटनेने चर्चला विशेष स्थान दिले आणि घटस्फोटावर बंदी घातली. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, दूरदर्शन संच घरोघरी आले. तरी १९८६च्या सार्वमतात घटस्फोट नाकारला गेला. १९९०च्या दशकात धर्मगुरूंनी केलेले बालकांचे लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण उघड होत गेले. १९९५ मध्ये घटस्फोटाला मान्यता मिळाली, तीही जेमतेम नऊ हजार मतांनी. २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांना गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्के मतदारांनी घटनेतील गर्भपातबंदी उठवली.

आता २०१६ची जनगणना पाहा : ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक नोंदवले होते. बंदी उठवणाऱ्यांत कॅथलिक म्हणवणारेही मोठ्या संख्येने होते, हे उघड आहे. माझ्या मते येथे चर्चचा अधिकार आधी ढासळला, ओळख मागाहून झिजू लागली. २०२२ मध्ये हा आकडा ६९ टक्क्यांवर आला. बहुसंख्य प्राथमिक शाळा मात्र आजही चर्चच्याच आश्रयाखाली चालतात.