बदलून मिळालेला फोन आणि कायद्यातला ‘नवीन’ शब्द

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्याइतकीच चर्चा फोनची होते. कुणाचा फोन चार्जच होत नाही, कुणाचा आपोआप बंद पडतो. मग दुकान, सर्व्हिस सेंटर, पंधरा दिवस थांबा, आणि नशीब असलं तर दुसरा फोन हातात. त्यावर एखादी ताई म्हणते, “दुकानदार चांगला होता, बदलून दिला बाई.” दुकानदार चांगला असेलही. पण वॉरंटीत फोन बदलून मिळणं ही त्याची मेहेरबानी नाही. तो हक्क आहे, आणि तो मिळवण्यात आपल्यासारख्याच घर चालवणाऱ्या बायांचा मोठा हात होता. आज ती गोष्ट सांगतो.

पूर्वी वस्तू खराब निघाली तर काय होतं? मालविक्रीचा १९३० सालचा कायदा होता. पण त्याचा आधार घ्यायचा तर दिवाणी कोर्ट, वकील, तारखा. शिवणयंत्र शंभराचं आणि कोर्टाच्या खेटा हजाराच्या, असा तो व्यवहार. म्हणून बाई खराब वस्तू घरात ठेवायची आणि गप्प बसायची. दुकानात पाटी असायचीच: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

१९६६ साली मुंबईत नऊ महिला एकत्र आल्या आणि त्यांनी ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या कर्जत-जामखेडच्या बाया तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, आजही जुन्या आजींना विचारा. त्याच वेळी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासोबत हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत ऐकली तर तुम्हाला आपलीच वाटेल. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी काढायची, माल एकत्र घ्यायचा आणि घरोघरी वाटून घ्यायचा. ते काम बहुतेक बायकांनीच ओढलं. बचत गट हा शब्द आपल्याकडे रुळला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या सगळ्या रेट्यातून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. तिथे वकील लागतोच असं नाही, साध्या अर्जावर तक्रार करता येते. आणि वस्तू सदोष ठरली तर काय आदेश देता येतील ते कायद्यात लिहिलं गेलं: दोष दूर करा, किंवा तशाच प्रकारची नवीन, दोष नसलेली वस्तू बदलून द्या, किंवा पैसे परत करा, आणि नुकसान झालं असेल तर भरपाई द्या. यातला ‘नवीन’ शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला १९९५ मध्ये, म्हणजे हा कायदा लिहिणाऱ्यांनी मोबाईल पाहिलाही नव्हता. तरी शब्द आजच्या फोनला बरोबर लागू पडतो.

पण हक्क कागदावर असणं आणि तो हातात येणं, यात बराच रस्ता असतो. त्याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे अंगणवाडी सेविकांची २०२१ ची मोबाईल वापसी. पोषण अभियानात शासनाने राज्यभरच्या सेविकांना मोबाईल दिले होते. बाळाचं वजन-उंची, गरोदर बाईची नोंद, आहार, गृहभेटी, सगळं त्यात भरायचं. हळूहळू ते फोन तापू लागले, मध्येच अडकू लागले. मेमरी कमी, त्यात नवं पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते चालेना. ॲप इंग्रजीत, तो प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फोनची वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा भार सेविकांवर आला. मानधन किती ते आपण जाणतो. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन शासनाच्या प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. आपल्या ओळखीतल्याच बाया या, कुणाची जाऊबाई, कुणाची नणंद. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

सेविकांना रस्त्यावर का यावं लागलं, याचा विचार आम्ही बराच केला. फोन त्यांच्या हातात होता, पण बिल त्यांच्या हातात नव्हतं. खरेदी शासनाची, करार शासनाचा. त्यामुळे दुकानात जाऊन भांडण्याचा सरळ मार्ग त्यांना नव्हता, संघटना हाच मार्ग उरला. त्यांची संघटना होती म्हणून निदान आवाज तरी झाला.

आता घराकडे या. आपल्या घरात फोन कुणाच्या नावावर असतो? बहुतेक वेळा मालकांच्या, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या. मग बाईला वाटतं, बिल माझं नाही, मी कशी तक्रार करू? कायद्याने इथे आपली बाजू घेतली आहे. ज्याने पैसे दिले त्याच्या संमतीने जी वस्तू वापरते, तीसुद्धा ग्राहक. शिवणकाम, पापड-लोणची असा पोटापुरता स्वतःचा व्यवसाय करणारीने त्यासाठी घेतलेली वस्तूही यात येते. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आणखी एक सोय झाली. पूर्वी दुकान किंवा कंपनी जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे तक्रार करावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुलाने फोन पुण्यात घेतला किंवा ऑनलाईन मागवला, तरी मिरजगावच्या बाईला पुण्याला जायला नको. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मंचाचं नाव आता आयोग झालं आहे.

आता बदलून मिळालेल्या फोनचं. पहिल्याच बिघाडाला ‘नवाच द्या’ असा हट्ट चालत नाही. वॉरंटी कार्डात बहुधा आधी दुरुस्ती असते आणि ती रास्तही आहे. पाण्यात पडलेला, काच फुटलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणून फोन जमा करताना तो कसा आहे हे जॉब शीटवर लिहून घ्या, फोटो काढा. नाहीतर नंतर ‘पाणी गेलंय’ हे उत्तर तयार असतं. सिम काढून घ्या, गटाच्या हिशोबाचे फोटो दुसरीकडे ठेवा.

फोन बदलून देतात तेव्हा तो खोक्यातला नवा आहे की दुरुस्त करून पुन्हा दिलेला, हे विचारा. अनेक कंपन्यांच्या अटींत बारीक अक्षरांत दुरुस्त केलेला फोन देण्याची मुभा त्यांनी स्वतःच घेतलेली असते. अटीवर आपली सही असली तरी आयोगाचा ‘नवीन, दोष नसलेली वस्तू’ देण्याचा अधिकार त्याने जात नाही. दुसरी गोष्ट पंधरा आकड्यांच्या आयएमईआय नंबरची. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. जुन्या बिलावर जुन्या फोनचा नंबर असतो. नव्याचा नंबर, तारीख आणि वॉरंटी कुठवर, हे लेखी घेतलं नाही तर उद्या हाच फोन बिघडला की ‘हा तुमच्या बिलावरचा फोनच नाही’ म्हणून परत पाठवतात. बदललेल्या फोनला नव्याने वर्षभर वॉरंटी मिळेल असं कायद्यात वेगळं लिहिलेलं नाही, ते कंपनीच्या अटींवर आहे. बऱ्याच ठिकाणी मूळ वॉरंटीचे उरलेले दिवसच मिळतात. म्हणून लेखी हवं.

दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ या नंबरवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्याने नाही जमलं तर आयोग. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. वस्तू तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवावी लागली तर पाच महिन्यांत, नाहीतर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे सांगून ठेवतो. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. म्हणजे ती जुनी पाटी आता सदोष मालाला लावता येत नाही.

तुमच्या गटातल्या कुणाला फोन बदलून मिळाला असेल, तर येत्या बैठकीला फोन, जुनं बिल आणि जॉब शीट घेऊन या. नंबर जुळतो का, ते सगळ्या मिळून पाहू. न जुळल्यास दुकानाला द्यायचा अर्ज तिथेच बसून लिहू.