दफ्तराची भाषा आणि लेखणीचा धनी

राज्य तलवारीने मिळते, पण चालते दफ्तरावर. आणि दफ्तराची भाषा पुष्कळदा राजाचीही नसते, रयतेचीही नसते; ती कारकुनाची असते. इतिहास शिकवताना मला हे वारंवार जाणवते.

चंगीझखानाच्या मंगोलांना स्वतःची लिपी नव्हती. १२०४ साली नायमानांचा पाडाव झाला, त्यांचा उइगुर मुद्राधारी ततातुंगा हाती लागला आणि मंगोल भाषा उइगुर लिपीत लिहिली जाऊ लागली. १२४६ साली गुयुकखानाने पोपला पत्र धाडले ते फारसीत. शिक्का तेवढा मंगोल. जेते घोड्यावरच राहिले, लेखणी जितांमधल्या जाणत्यांकडे गेली.

दख्खनेत काय घडले? १५३४ साली विजापूरच्या गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने जमाखर्च फारसीतून देशी भाषेत आणला आणि ते काम ब्राह्मणांकडे सोपवले, असे फिरिश्ता सांगतो. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला. त्यात फारसी शब्दांना प्रतिशब्द दिले ते संस्कृत. भाषा बदलली, पण लेखणी गावकुसाबाहेर कधी आली नाही. गावाची शीव महाराला तोंडपाठ. शिवेच्या तंट्यात त्याचीच साक्ष मोलाची. पण ती साक्ष कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा! काय उतरले, हे साक्ष देणाऱ्याला वाचता येत नव्हते. कुलकर्ण्याच्या या लेखणीवर जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नेमके बोट ठेवले.

मी राहतो त्या वरठीभोवतीच्या भंडारा जिल्ह्यात हा इतिहास अजून जिवंत आहे. इंग्रजी अमलातल्या बंदोबस्तात जळण, चराई, तलावाचे पाणी यांचे गावाचे रिवाज ज्या कागदात नोंदले गेले, त्याचे नाव 'वाजिब-उल-अर्ज'. हक्क धानाच्या बांधावरचा आणि नाव फारसी दफ्तराचे! १९५१ साली मालगुजारी गेली. तिचे तलाव आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. पाण्याचा वाद उठला की हाच जुना कागद काढावा लागतो, आणि ज्याचे त्यावर पोट आहे त्यालाच तो परका वाटतो.

म्हणून राजभाषा मराठी झाली एवढ्यावर मी समाधान मानत नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्यासारख्यांनी आणि आपल्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी, तहसिलीत जाऊन आपल्या गावाचा वाजिब-उल-अर्ज मागावा, त्याची नक्कल घ्यावी आणि वस्तीत बसून तो मोठ्याने वाचून दाखवावा. आजवर आपण साक्ष दिली. आता नोंद आपण तपासली पाहिजे.