लाखेच्या तबकडीपासून अंकांपर्यंत : संगीताच्या जतनाची साधने आणि नादाचे स्वरूप

गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) हे एकाच पिढीतील दोन थोर गायक. दोघांच्याही आयुष्याचा काही काळ बडोद्यात गेला. भास्करबुवांनी तेथे फैज महंमद खाँसाहेबांकडे तालीम घेतली, तर अब्दुल करीम खाँ तेथील दरबारी सेवेत होते. आज मात्र अब्दुल करीम खाँचा स्वर कोणाही रसिकास ऐकता येतो. भास्करबुवांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. नाद टिकतो तो कशावर तरी उमटला तरच. तो ज्यावर उमटतो, त्या वस्तूचा गुणदोष त्या नादास चिकटतो काय, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. ध्वनिमुद्रणाच्या संपूर्ण इतिहासास या प्रश्नाची सोबत आहे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला, आणि बर्लिनर याने पुढील दशकात सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळी विजेचा ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरणार, अशी व्यवस्था होती. दर सेकंदास सुमारे अडीच हजार कंपनांपलीकडचे सूक्ष्म नाद त्या कर्ण्यात बहुधा हरवत, आणि तंबोऱ्याचा मंद झंकार फारसा उतरत नसे. तबकडी लाखेची, तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असल्यामुळे खरखर तिच्या अंगचीच होती. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात ख्याल आटोपावयाचा म्हणजे विलंबित अंगास रजाच द्यावी लागे. म्हणजे साधनाने आवाजाचा पोत तर बदललाच, पण गायकीची मांडणीही बदलली. १९२५ नंतर विजेवर चालणारे मुद्रण आले तेव्हा आवाजास भरीवपणा आला. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन मुद्रिका आली तेव्हा अवकाश वाढला. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँच्या मारवा आणि दरबारीची दीर्घ मुद्रिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या अवकाशाचे मोल निराळे सांगावयास नको.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. तबकडीची रेघ ही नादाच्या लहरीचीच प्रतिकृती असे. रेघ झिजली की नाद झिजला. चुंबकीय फितीच्या कणांची सळसळ नादात मिसळली. आणि प्रतीवरून प्रत काढली की दोष दुणावले. येथे साधन आणि नाद यांची फारकत करणे शक्यच नव्हते.

ही फारकत अंकीय पद्धतीने केली. १९८२ साली फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या सी.डी.वर लहरीचे चित्र नसते, तिची मोजमापे असतात. दर सेकंदास ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजावयाची आणि ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवावयाची. ४४,१०० या आकड्याची कुळकथा मनोरंजक आहे. आरंभी ही मोजमापे साठविण्यास व्हिडिओची फीत वापरीत. सेकंदास ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात २४५ उपयुक्त रेषा, आणि दर रेषेवर तीन मोजमापे. यांचा गुणाकार नेमका तेवढाच होतो.

आकडा कागदावर लिहिला काय किंवा दगडावर कोरला काय, त्याची किंमत बदलत नाही. तरीही सी.डी., संगणकाची तबकडी आणि स्मृतिपत्र यांवर साठविलेले तेच गाणे निरनिराळे वाजते, असे काही रसिक हिरिरीने सांगतात. त्यांच्या अनुभवाची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्याची छाननी अवश्य व्हावी. वाचलेले अंक आधी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत जमा होतात आणि तेथून स्फटिकाच्या घड्याळाबरहुकूम बाहेर पडतात. त्यामुळे अंक बिनचूक वाचले गेले, तर ते कोठून आले याची खूण त्यांत उरत नाही. फरक पडलाच तर तो अंकांचे पुन्हा लहरीत रूपांतर करणाऱ्या मंडलात, त्यातील विद्युत गोंगाटात किंवा ध्वनिवर्धकात पडेल. सी.डी.वर ओरखडे असल्यास मूळ अंकांबरोबर नोंदविलेल्या जादा अंकांवरून चूक दुरुस्त होते. ओरखडा फारच मोठा असला, तर यंत्र शेजारच्या मापांवरून अंदाज बांधते, आणि तेवढ्यापुरता नाद खरोखरच बदलतो.

२००७ साली अमेरिकेत मेयर व मोरन यांनी अधिक सूक्ष्म मापांचे मुद्रण आणि तेच सी.डी.च्या मापात उतरविलेले, असे दोन्ही श्रोत्यांना न सांगता ऐकविले. ५५४ कसोट्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडविल्यासारखीच! मात्र एम.पी. थ्री या पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात कानास सहसा जाणवणार नाही असा भाग गाळून सी.डी.च्या अकराव्या हिश्श्याएवढ्याच जागेत गाणे बसविता येते. गाळण फार केली, तर टाळ-झांजांसारख्या नादांची झळाळी बिघडते. परंतु हा दोष साठविणाऱ्या वस्तूचा नसून गाळण्याच्या निर्णयाचा आहे.

तात्पर्य, जुन्या मुद्रिकेचे भवितव्य ती अंकांत उतरविण्याच्या क्षणी ठरते. आरंभीच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७८च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ८०ने फिरविली, तर गायकाचा षड्ज जवळजवळ एका श्रुतीने चढतो, आणि तो चढलेला षड्जच पुढील प्रत्येक प्रतीत बिनचूक उतरत राहतो. अंकीय साधन चुकीचेही तितक्याच निष्ठेने जतन करते.

अंकांस दुसरे भय आहे ते वाचकच नाहीसा होण्याचे. इंग्लंडात १०८६ साली झालेली डूम्सडे ही पाहणी आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बी.बी.सी.ने लेझर तबकड्यांवर केलेली नवी पाहणी मात्र पंधरा-वीस वर्षांतच वाचणे दुर्घट झाले, कारण तशी यंत्रे उरली नव्हती. म्हणून ध्वनिमुद्रिकांची अंकीय प्रत झाली की मूळ तबकडी अडगळ ठरवून काढून टाकणे, हे कोणत्याही संग्रहास परवडणारे नाही. प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात, त्या वेळोवेळी नव्या साधनावर उतरवाव्यात, वेग व यंत्र यांची नोंद सोबत असावी आणि मूळ तबकडी जपावी.

गोमंतकाच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. पाठविणाऱ्यांनी तिच्यासोबत ती वाजविण्याची सुई ठेवली आणि वेष्टनावर वाजविण्याची रीतही कोरली. नाद जतन करणे म्हणजे केवळ वस्तू सांभाळणे नव्हे, तर ती वाचण्याची विद्याही पुढच्याच्या हाती देणे होय. ग्रंथालये हे काम ग्रंथांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.