शालेय संगणकजाल, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांना दूरसंचार, इंटरनेट व शाळेच्या इमारतीतील अंतर्गत संगणकजाल यांच्या सोयी मर्यादित निधीतून पुरविण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेले प्रयत्न. यांपैकी ‘ई-रेट’ या नावाने ओळखली जाणारी सवलत योजना सर्वांत महत्त्वाची होय.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील शालेय जिल्हा हा महसुली जिल्हा नसून शाळा चालविण्यासाठी आखलेला स्थानिक स्वराज्याचा घटक असतो. बहुतेक ठिकाणी त्याचा कारभार लोकनियुक्त मंडळ पाहते. १९३९–४० मध्ये असे १,१७,००० हून अधिक जिल्हे होते. एकत्रीकरणामुळे त्यांची संख्या घटत जाऊन एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती सु. १४,००० झाली. शाळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून व राज्य अनुदानातून येतो, तर संघशासनाचा वाटा सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. परिणामी महाग घरांच्या वस्तीतील जिल्हा संपन्न व गरीब वस्तीतील जिल्हा विपन्न, अशी विषमता निर्माण झाली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ही पद्धत अन्यायकारक ठरविली. तथापि संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की या विषमतेमुळे संघीय संविधानाचा भंग होत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता करावर मर्यादा घालण्यात आल्याने तेथील स्थानिक उत्पन्नासही कात्री लागली.

अशा स्थितीत संगणकयुग अवतरले. १९९४ मध्ये ३५ टक्के सार्वजनिक शाळांत इंटरनेट पोहोचले होते, परंतु प्रत्यक्ष अध्यापनाच्या खोल्यांपैकी केवळ तीन टक्के खोल्यांत ते उपलब्ध होते. जुन्या इमारतींत तारा ओढण्याचा खर्चच अनेक जिल्ह्यांच्या आवाक्याबाहेर होता. ९ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियात ‘नेट डे’ पाळण्यात आला. त्या दिवशी पालक, शिक्षक व संगणकतज्ञ अशा हजारो स्वयंसेवकांनी श्रमदानाने शाळांत तारा बसविल्या. अध्यक्ष बिल क्लिंटन व उपाध्यक्ष अ‍ॅल गोर यांनीही काँकर्ड येथील शाळेत त्यात भाग घेतला. मात्र श्रमदानाने तारा बसल्या, तरी दरमहाचे देयक भरण्याचा प्रश्न सुटला नाही. शिवाय जेथे तज्ञ पालक नव्हते, तेथील शाळा स्वाभाविकच मागे राहिल्या.

सवलत योजना : ८ फेब्रुवारी १९९६ रोजी संमत झालेल्या दूरसंचार अधिनियमात सिनेटर ऑलिंपिया स्नो, जे रॉकफेलर, जेम्स एक्सॉन व बॉब केरी यांच्या दुरुस्तीने शाळा व ग्रंथालये यांना सवलतीच्या दराने सेवा देण्याची तरतूद करण्यात आली. तीनुसार फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाने मे १९९७ मध्ये नियम केले. १९९८ पासून योजना कार्यवाहीत आली. वार्षिक खर्चाची कमाल मर्यादा २२५ कोटी डॉलर ठरविण्यात आली. हा निधी सरकारी तिजोरीतून न येता दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून जमतो आणि कंपन्या तो बहुधा ग्राहकांच्या देयकात मिळवितात. म्हणूनच विरोधकांनी त्यास ‘गोर कर’ असे उपरोधिक नाव दिले. शाळेतील किती विद्यार्थी मोफत वा सवलतीच्या दुपारच्या भोजनास पात्र आहेत, हा दारिद्र्याचा निकष मानून २० ते ९० टक्के सवलत दिली जाई. उरलेली रक्कम जिल्ह्याने भरावयाची असे. सेवा निविदा मागवून घेणे सक्तीचे होते.

२००५ पर्यंत जवळजवळ सर्व शाळांत व ९४ टक्के अध्यापन-खोल्यांत इंटरनेट पोहोचले. तथापि योजनेत उणिवाही होत्या. संगणक, विद्युत्-जोडणी व शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा खर्च तीत बसत नसे. अर्जाची पद्धत किचकट असल्याने लहान जिल्ह्यांना सल्लागार नेमावे लागत. काही पुरवठादारांचे गैरव्यवहार उघडकीस येऊन त्यांना शिक्षाही झाल्या.

जिल्ह्यांची काटकसर : योजनेबाहेरचा खर्च भागविण्यासाठी जिल्ह्यांनी विविध मार्ग शोधले. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड परिसरात जुने संगणक एका मध्यवर्ती संगणकाला जोडून मुक्त लिनक्स प्रणालीवर चालविण्याची पद्धत विकसित झाली. २०११ नंतर स्वस्त क्रोमबुक संगणकांचा प्रसार झाला. परंतु त्यांच्या प्रणालीची अद्ययावतता ठराविक वर्षांनी थांबत असल्याने चालू स्थितीतील यंत्रेही टाकून द्यावी लागत. टीका झाल्यावर २०२३ मध्ये निर्मात्या कंपनीने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविली. स्वस्त खरेदी दीर्घ मुदतीत स्वस्त ठरतेच असे नाही, हे यातून दिसून आले.

नॉर्थ कॅरोलायनातील मूर्सव्हिल जिल्ह्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. दर विद्यार्थ्यामागील खर्चात राज्यातील ११५ जिल्ह्यांत शंभराव्या स्थानी असलेल्या या जिल्ह्याने चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना भाडेपट्ट्याने घेतलेले लॅपटॉप दिले. २०१२ च्या सुमारास परीक्षांच्या निकालांत तो तिसऱ्या क्रमांकावर होता. मात्र त्याच काळात अंदाजपत्रकाचा मेळ घालताना ३७ शिक्षकांसह ६५ जागा कमी करण्यात आल्या व वर्ग मोठे झाले. यंत्र की शिक्षक, हा प्रश्न तुटपुंज्या निधीत अटळपणे उभा राहतो.

उत्तरकाल : जून २०१३ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी मूर्सव्हिल येथेच शाळांना वेगवान इंटरनेट देण्याचा कार्यक्रम घोषित केला. २०१४ मध्ये आयोगाने योजनेची पुनर्रचना केली. दूरध्वनीवरील सवलत टप्प्याटप्प्याने बंद करून वर्गांतील बिनतारी जोडणीवर भर देण्यात आला व वार्षिक मर्यादा ३९० कोटी डॉलर करण्यात आली. २०२० मध्ये कोविडच्या साथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा शाळेपर्यंत पोहोचलेली तार विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोहोचली नसल्याचे स्पष्ट झाले. २०२१ मध्ये संसदेने सु. ७१७ कोटी डॉलरचा तात्पुरता निधी मंजूर केला. त्याची मुदत २०२४ मध्ये संपली.

कंपन्यांकडून वर्गणी घेण्याचा अधिकार आयोगाला देणे संविधानाविरुद्ध असल्याचा निर्णय २०२४ मध्ये एका अपील न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवून योजनेचा आधार कायम ठेवला.

१९७३ मध्ये न्यायालयाने जी विषमता दूर करण्यास नकार दिला, तिचा एक लहानसा भाग या योजनेने दारिद्र्यानुसार सवलत देऊन भरून काढला, हे तिचे मुख्य श्रेय होय. मालमत्ता करावर आधारलेली मूळ व्यवस्था मात्र तशीच राहिली. त्यामुळे यंत्रे जुनी झाली, की गरीब जिल्ह्यांपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.